फोर बाय फोरचा कोणता मोड कधी वापरायचा: २एच, ४एच, ४एल आणि डिफ लॉक

२एच म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना, ४एच म्हणजे नेहमीच्या गिअरमध्ये चारही चाकांना, आणि ४एल म्हणजे चारही चाकांना, पण कमी वेगात आणि जास्त जोराने. पावसाळ्यात दोन चुका हमखास दिसतात. काही जण नुसत्या ओल्या डांबरी घाटात ४एच टाकून चालवतात. वळणावर गाडी अडखळते आणि स्टेअरिंग जड होतं. काही जण चाकं अर्धी गाडली जाईपर्यंत २एचमध्येच रेस देत राहतात आणि मग घाईघाईने ४एल शोधतात. पहिल्या चुकीत गाडीचे भाग खराब होतात, दुसरीत दिवस वाया जातो. मोड जमीन पाहून आणि आधी बदलायचा असतो. निसरडं सुरू होण्यापूर्वी टाकायचा आणि डांबर लागलं की काढायचा.

पुढचे टप्पे प्रामुख्याने पार्ट-टाइम फोर बाय फोरसाठी, म्हणजे चालकाने गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद जोडायच्या गाड्यांसाठी आहेत. थार, जिमनी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, फॉर्च्युनर फोर बाय फोर, हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या सगळ्या त्यात येतात. कंपास, ग्रँड विटारा ऑलग्रिप, एक्सयूव्ही ७०० एडब्ल्यूडी (ऑल-व्हील ड्राइव्ह) यांची रचना वेगळी आहे, त्यांत ही जोडणी आपोआप होते. त्यांच्यासाठी टप्पा ५ वाचा.

## तयारी: घरून निघण्यापूर्वी

टायर. चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. ४एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) एकमेकांना बांधलेले असतात. पुढचे टायर नवे आणि मागचे गुळगुळीत असतील तर दोन्हींचा घेर वेगळा असतो आणि सरळ रस्त्यावरही शाफ्टवर पीळ पडतो. पंक्चरनंतर वेगळ्या मापाची स्टेपनी लावली असेल तर घरी पोहोचेपर्यंत २एचच ठेवा.

सिस्टीम जिवंत आहे का. महिन्यातून एकदा मुरमाच्या किंवा मातीच्या रस्त्यावर ४एच टाकून दोन-तीन किलोमीटर सरळ चालवा, आणि थांबून एकदा ४एलही टाकून पाहा. वर्षभर न वापरलेला ॲक्च्युएटर (मोड प्रत्यक्ष बदलणारा भाग) ऐन चिखलात अडकतो आणि डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. जुन्या जिप्सी किंवा जीपला पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हब असतील तर ते आधी लॉक करा. हब मोकळे असताना लिव्हर ४एचवर असूनही पुढच्या चाकांना काहीच मिळत नाही.

सोबत काय घ्यायचं. प्रेशर गेज, बारा व्होल्टचा कंप्रेसर, फावडं, गाडीच्या वजनाला पुरेल असा ओढायचा पट्टा आणि दोन शॅकल (पट्टा जोडायच्या लोखंडी कड्या). पट्टा कुठे अडकवायचा ते अंगणात असतानाच शोधून ठेवा. चिखलात आडवं पडून हुक शोधताना लोक हाताला लागेल त्याला, म्हणजे बंपरच्या पत्र्याला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला, पट्टा बांधतात. ट्रेलरचा गोळा झटक्याने तुटला तर तो गोळीसारखा उडतो. त्याला कधीही बांधू नका.

> तपासा: गाडीच्या मॅन्युअलमध्ये ४एच किती वेगापर्यंत टाकता येतो आणि ४एलला गाडी पूर्ण थांबवावी लागते का, या दोन गोष्टी पाहून घ्या. त्या प्रत्येक मॉडेलला वेगळ्या असतात.

## टप्पा १: २एच कधी सोडायचा नाही

डांबर आणि सिमेंटचा रस्ता कोरडा असो वा ओला, त्यावर २एचच. अपवाद एकच: रस्त्यावर सलग चिखल, बर्फ किंवा खडी पसरलेली असेल तर.

कारण समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. वळताना पुढची चाकं मोठ्या कमानीतून जातात आणि मागची आतून, छोट्या कमानीतून. म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर कापायचं असतं. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) नसतं, त्यामुळे ४एचमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मातीवर टायर किंचित घसरतात आणि हा फरक तिथल्या तिथे जिरतो. डांबरावर टायर घसरत नाहीत, मग तो फरक पीळ होऊन शाफ्टमध्ये, ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) साखळीत आणि पुढच्या सीव्ही जॉइंटमध्ये (पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या सांध्यात) साठत जातो. स्टेअरिंग जड होणं, वळणावर गाडी उड्या मारल्यासारखी अडखळणं, नंतर लिव्हर ४एचमधून बाहेर न येणं ही सगळी त्याचीच लक्षणं आहेत.

ताम्हिणी, वरंधा, आंबोली अशा घाटांत पावसात ‘सुरक्षित वाटतं’ म्हणून ४एच टाकणारे बरेच आहेत. हेअरपिनसारख्या आवळ वळणावर ४एचमधली गाडी वळायला कुरकुरते आणि पुढचा भाग सरळ, म्हणजे कठड्याकडे, जायला पाहतो. शिवाय ब्रेक लावताना चार चाकांना ताकद मिळण्याचा काही उपयोग नसतो. थांबण्याचं अंतर टायर आणि वेग ठरवतात. ओल्या घाटात ४एच नव्हे, तर खालचा गिअर आणि कमी वेग उपयोगी पडतो.

पिकअपवाल्यांसाठी वेगळी नोंद. रिकाम्या व्ही-क्रॉसचा किंवा कॅम्परचा मागचा भाग हलका असतो आणि ओल्या चढावर २एचमध्ये मागची चाकं लगेच फिरतात. मागच्या ॲक्सलच्या थोडं पुढे वाळूची चार-पाच पोती बांधली तर डांबरावर ४एचची गरजच उरत नाही. पोती मात्र नीट बांधा. मोकळी पोती घाटात सरकतात.

## टप्पा २: २एचमधून ४एच

कुठे: मुरमाचा किंवा खडीचा चढ, ओली लाल माती, ओलं गवत, शेतातली वाट, लडाख-स्पितीतलं साचलेलं बर्फ, वाळू. थोडक्यात, जिथे जमीन सलग सैल किंवा निसरडी आहे आणि वेग साधारण २० ते ५० किमी ठेवता येतो तिथे.

क्रम:

1. निसरडं सुरू होण्याच्या पन्नास-शंभर मीटर आधी वेग ६०च्या खाली आणा. मॅन्युअल जास्त वेगाला परवानगी देत असलं तरी घाईचं कारण नसतं.
2. स्टेअरिंग सरळ ठेवा. वळणात मोड बदलायचा नाही.
3. ॲक्सिलरेटरवरून पाय किंचित उचला, म्हणजे शाफ्टवरचा ताण कमी होईल.
4. लिव्हर एका दमात ४एचवर न्या किंवा नॉब फिरवा.
5. दिवा स्थिर पेटेपर्यंत सरळ चालत राहा.

दिवा लुकलुकत असेल तर ४एच बसलेला नाही. पाय उचलून थोडं सरळ जाऊ द्या. तरी बसला नाही तर थांबा आणि एक-दोन मीटर मागे या. दात जुळले की ‘टक’ असा बारीक आवाज येतो.

> सावधान: मागची चाकं जागेवर गरगर फिरत असताना ४एच टाकू नका. पुढचा शाफ्ट थांबलेला आणि मागचा वेगात, अशा वेळी दात एकमेकांवर आपटतात. आधी पाय काढा, चाकं थांबू द्या, मग मोड बदला.

देशावरच्या काळ्या मातीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. ओली काळी माती टायरच्या नक्षीत भरते, चाक गुळगुळीत लाटण्यासारखं होतं आणि मग ४एच असला तरी चारही चाकं सारखीच घसरतात. अशा वाटेवर दुसऱ्या गिअरमध्ये, थांबा न घेता, एकसारख्या रेसवर जायचं. आधीच्या ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी गाडीच्या पोटापेक्षा खोल असेल तर त्यात उतरू नका. डिफरन्शियलचा गोळा मधल्या उंचवट्यावर टेकला की चाकं अधांतरी राहतात. त्यापेक्षा एक दिवस ऊन पडू देणं बरं.

## टप्पा ३: ४एल

४एल म्हणजे ‘जास्त पकड’ नव्हे. पकड ४एचइतकीच असते. ४एलमध्ये वेग कमी होतो आणि चाकांवरचा जोर वाढतो: थारमध्ये सुमारे अडीचपट, जिमनीत सुमारे दुप्पट. म्हणून प्रश्न घसरण्याचा असेल तर ४एच, आणि प्रश्न जोराचा किंवा हळू जाण्याचा असेल तर ४एल.

कुठे: खडा चढ, खडा उतार, मोठे दगड, ओढ्यात उतरणं, दुसरी गाडी ओढणं, भरलेली पिकअप शेतातून वर काढणं. चढावर गाडी हलवताना अर्ध्या क्लचवर धरावी लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर ४एल आधीच टाकायला हवा होता असं समजा. भरलेली गाडी रिव्हर्समध्ये चढवताना तर हमखास, कारण २एचच्या रिव्हर्समध्ये क्लच अर्धा धरावा लागतो आणि तो तिथेच जळतो.

क्रम:

1. आधी सपाट जागा पकडा. चढाच्या मध्यावर हा बदल करायचा नाही.
2. पूर्ण थांबा आणि ब्रेक दाबून धरा.
3. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबा, ऑटोमॅटिकमध्ये गिअर एनवर न्या.
4. लिव्हर ४एचवरून ट्रान्सफरच्या एनमधून सरळ ४एलवर, एका ठाम हालचालीत न्या. मधे रेंगाळू नका.
5. बसत नसेल तर मेन गिअर न्यूट्रल करून क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा. तरी नाही बसला तर गाडी अर्धा मीटर सरकू द्या. लिव्हरवर जोर लावून काही होत नाही.
6. दिवा स्थिर झाला की गिअर टाका आणि हळू निघा.

> सावधान: ट्रान्सफर केसचा लिव्हर एनवर असताना गाडी चाकांपासून सुटलेली असते. ऑटोमॅटिक पी मध्ये असली किंवा मॅन्युअल पहिल्या गिअरमध्ये असली तरी ती उतारावर घरंगळेल. हँडब्रेक ओढल्याशिवाय पायब्रेकवरून पाय काढू नका.

४एलमध्ये चिखल-वाळूतून निघताना दुसरा गिअर घ्या. पहिल्यात जोर इतका जास्त असतो की चाक लगेच फिरतं आणि खड्डा खणतं. दगड आणि खडा उतार यांसाठी पहिला. वेग ४०च्या आत. बऱ्याच गाड्यांत ४एलमध्ये ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) आपोआप बंद होतं, म्हणजे घसरल्यावर सावरायला फक्त तुमचे हात-पाय असतात.

उतार. पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला, आणि इंजिनलाच गाडी धरू द्या. मधे गिअर बदलायचा नाही, कारण क्लच दाबला त्या क्षणी इंजिनची पकड जाते. मागचा भाग बाजूला सरकू लागला तर ब्रेक दाबण्याचा मोह होतो. त्याने चाकं अडकतात आणि गाडी आडवी होते. उलट अगदी थोडी रेस द्या, चाकं पुन्हा फिरू लागतात आणि स्टेअरिंग परत हातात येतं. गाडीत हिल डिसेंट (उतारावर वेग आपोआप धरणारी सोय) असेल तर उतरण्याआधी सुरू करा.

## टप्पा ४: डिफ लॉक आणि ब्रेकवाली ट्रॅक्शन

फोर बाय फोर टाकूनही गाडी दोनच चाकं फिरवत उभी राहते, आणि अनेकांना वाटतं सिस्टीम बिघडली. बिघडलेली नसते. साधं डिफरन्शियल ताकद सोप्या बाजूला पाठवतं. खड्ड्यात पुढचं एक आणि तिरप्या कोपऱ्यातलं मागचं एक चाक हवेत गेलं की तीच दोन फिरतात आणि जमिनीवरची दोन थांबलेली राहतात.

याचे तीन उपाय वेगवेगळ्या गाड्यांत आहेत आणि तिन्ही वापरण्याची रीत वेगळी आहे.

ब्रेकवाली ट्रॅक्शन (जिमनी, थार आणि इतर). हवेतल्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, मग ताकद दुसऱ्या बाजूला जाते. इथे बरेच लोक एकच चूक करतात: चाक फिरलं की घाबरून पाय काढतात. पाय काढला की सिस्टीमही काम थांबवते. करायचं असं: हळूहळू रेस वाढवून १५०० ते २००० आरपीएमवर पाय स्थिर धरा. खालून एबीएस पंपाचा ‘टर्र-टक-टक’ आवाज येईल आणि पेडलखाली थरथर जाणवेल. दोन-तीन सेकंद तसंच धरून ठेवा. हवेतलं चाक मंदावताना दिसेल आणि गाडी हळूच पुढे ओढली जाईल. त्या क्षणी रेस वाढवू नका. दहा-पंधरा सेकंदांत हललीच नाही तर थांबा, ब्रेक तापतात.

आपोआप बसणारा लॉक (थारच्या काही व्हेरिएंटमध्ये मागच्या ॲक्सलला). त्याला बटण नाही. मागच्या एका चाकाचा वेग दुसऱ्यापेक्षा बराच वाढला की तो स्वतः ‘खट्’ करून बसतो. इथेही थोडं फिरू द्यावं लागतं, पण गिअरला हिसका देऊ नका.

बटणाचा किंवा लिव्हरचा लॉक (गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे). अडथळ्याच्या आधी, जवळजवळ थांबून, स्टेअरिंग सरळ ठेवून टाका. क्रम: आधी मागचा, नाही जमलं तरच पुढचा. काढताना उलटं, आधी पुढचा. पुढचा लॉक बसला की स्टेअरिंग जवळपास निकामी होतं, गाडी सरळच जाते. वळायची गरज असलेल्या जागी तो टाकू नका. चाक जोरात फिरत असताना लॉक टाकला तर ॲक्सल शाफ्ट तुटू शकतो.

> तपासा: अडथळा ओलांडला की लॉकचा दिवा विझला का ते पाहा. लॉक अडकून राहिला असेल तर थोडं मागे-पुढे करा. दिवा पेटलेला असताना कडक जमिनीवर वळू नका.

## टप्पा ५: एडब्ल्यूडी आणि टेरेन मोड

या गाड्यांत मागच्या चाकांकडे ताकद क्लचच्या एका जोडणीतून जाते आणि ती गरजेप्रमाणे कमी-जास्त होते. त्यामुळे ऑटो मोड डांबरावर चालतो आणि ओल्या घाटात तोच योग्य.

स्नो मोडमध्ये ॲक्सिलरेटर मऊ होतो, म्हणून ओल्या गवतावर आणि शेवाळलेल्या चढावरही तो कामाला येतो. सँड मोड चाकं थोडी फिरू देतो. वाळूत रेस कापली गेली की गाडी बसते, म्हणून. लॉक फक्त हळू वेगात आणि सैल जमिनीवर. चिखलात फार वेळ चाकं फिरवली की ही जोडणी तापते आणि सिस्टीम स्वतःच मागची चाकं सोडते; इशारा दिसला तर थांबून तिला थंड होऊ द्या.

कंपासच्या ४ लो बटणामागे वेगळी लो-रेंज (४एलसारखी कमी वेगाची वेगळी गिअरजोडी) नाही, तो पहिल्या गिअरच्या कमी गुणोत्तरावर चालतो. स्कॉर्पिओ-एनमध्ये मात्र खरी लो-रेंज आहे आणि टेरेन मोड वेगळे आहेत. टेरेन मोड रेस आणि ब्रेकचं वागणं बदलतो. तो ४एलची जागा घेत नाही, आणि ही गफलत नव्या मालकांकडून फार होते.

## टप्पा ६: वाळू आणि पाणी

वाळू. मोड बदलण्याआधी हवा कमी करा. ३२ पीएसआयवर ४एल टाकूनही गाडी रुतते आणि १६ ते १८वर ४एचमध्ये आरामात जाते. चिखलासाठी २० ते २४ पुरे. कमी हवेवर ३०-४०च्या वर जाऊ नका, झटक्याने वळू नका. टायर रिममधून निघतो. थांबायचं झालं तर ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या, नाहीतर चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. आणि हे सगळं राजस्थानच्या वाळवंटासाठी किंवा परवानगीच्या जागेसाठी. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. वेळास, आंजर्ले यांसारख्या कोकणातल्या किनाऱ्यांवर हिवाळा-उन्हाळ्यात कासवांची घरटी असतात, ती वरून दिसत नाहीत.

पाणी. पाण्यात उतरण्याआधी ४एल, पहिला किंवा दुसरा गिअर, चालण्याच्या वेगाने. मधे क्लच दाबायचा नाही. खोली काठीने मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. थारसाठी तो ६५० मिलिमीटर आहे. हा आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर तो लागू होत नाही. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं, गाडी तरंगू लागली की टायरवरचं वजन जातं आणि चारही चाकांची ताकद शून्य होते. तिथे थांबायचं किंवा परत फिरायचं.

## टप्पा ७: रुतल्यावर

चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही, हे कळल्यावर दोन सेकंदांत पाय काढा. पुढची प्रत्येक रेस चाकाला खाली नेते. मग या क्रमाने:

1. उतरून पाहा, पोट टेकलंय का. टेकलं असेल तर मोड बदलून काहीही होणार नाही, आधी फावडं.
2. चाकांपुढची आणि मागची माती उपसून उतार करा.
3. हवा कमी करा.
4. ४एल, आणि असेल तर मागचा लॉक.
5. शक्यतो आलेल्या वाटेनेच, रिव्हर्समध्ये, सरळ बाहेर या. त्या वाटेची माती दाबली गेलेली असते.

बाहेरून ओढून घेताना पट्ट्याच्या रेषेत कोणी उभं राहू देऊ नका. ओढणारी गाडीही ४एलमध्येच हवी.

## टप्पा ८: डांबरावर परत येताना

४एलमधून ४एचला येताना पुन्हा पूर्ण थांबा. ४एचमधून २एच मात्र चालता चालता होतो, स्टेअरिंग सरळ ठेवून. हे डांबर लागायच्या आधी, शेवटच्या कच्च्या पट्ट्यातच करा. डांबरावर पाच-सहा वळणं घेऊन मग लिव्हर ओढला तर साठलेल्या पिळामुळे तो येत नाही. तसं झालं तर लिव्हर हिसकू नका: तीन-चार मीटर सरळ मागे या, किंवा एका बाजूची चाकं साइडपट्टीच्या मातीवर घालून थोडं पुढे जा. पीळ सुटला की लिव्हर सहज येतो आणि दिवा विझतो.

मग टायरमध्ये पुन्हा हवा भरा. रिमच्या आतल्या बाजूला साठलेली माती काठीने काढा. ती राहिली तर ६०च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंट करून घेतात. पहिले काही मीटर ब्रेक हलके दाबत चाला, म्हणजे पॅड कोरडे होतील.

चाकाच्या हबच्या वर पाणी गेलं असेल तर एक-दोन दिवसांत दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचं ऑइल पाहून घ्या. तापलेला डिफरन्शियलचा गोळा थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करण्याच्या नळीतून) पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर ते तिथल्या तिथे बदला, आणि ब्रीदरची नळी मातीने बुजली नाही ना हेही मेकॅनिककडून बघून घ्या.